पंधरा दिवसांनी येणारी बाई

खुलताबाद तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आशाताई फिरतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक फॉर्म असतो. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे. सगळे त्याला नुसतं 'सीबॅक' म्हणतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, खोकला किती दिवसांपासून, असं विचारत विचारत साठीच्या पुढच्यांसाठी काही जादा प्रश्न येतात. उभं राहताना तोल जातो का? चालणं-फिरणं अडेल असं अपंगत्व आहे का? जेवायला, आंघोळीला कुणाची मदत लागते का? आणि मग: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

उत्तर 'हो' आलं, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचं, अशी सूचना आहे. आरोग्य खात्यानं डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, खूण उंबरठ्यावर जाऊन विचारावी, ही लहान गोष्ट नाही. पण दवाखान्यात जाऊन आलेलं माणूस संध्याकाळी त्याच घरात परत येतं आणि रात्री दोन वाजता उठून दाराची कडी वाजवायला लागतं. त्या वेळी घरात जी जागी असते, ती सून, बायको नाहीतर मुलगी. तिच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

खुलताबाद बाहेरच्यांना ठाऊक असतं ते वेगळ्याच कारणांनी. संभाजीनगर शहरातून निघालं की दौलताबादचा किल्ला, पुढे घाट, आणि पंचवीसेक किलोमीटरवर हे टेकडीवरचं जुनं कोटबंद गाव. भद्रा मारुती इथला. शनिवारी दर्शनाला रांग, श्रावणात तर शुक्रवारी रात्रीच संभाजीनगरहून माणसं पायी निघतात. जर जरी जर बक्ष, बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी या सूफींचे दर्गे इथले. मलिक अंबरची कबर इथली आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेलेल्या औरंगजेबाचीही. २०२५ च्या मार्चमध्ये त्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हा आठवडाभर चॅनेलवाल्यांचे कॅमेरे रोखलेले होते. कुठले कुठले लोक इथे थोर मृतांची खबरबात घ्यायला येतात. गावातल्या जित्या म्हाताऱ्या माणसांची खबर घ्यायला घरी कोण येतं, हा प्रश्न घेऊन मी गेलो होतो.

ओळखीचं एक घर आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या. सून पंचेचाळिशीची, घरात बसून ब्लाउज शिवते. मुलगा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये. सासूबाईंना सून 'आत्याबाई' म्हणते. आत्याबाई तिला कधी नावानं हाक मारतात, कधी 'अक्का', म्हणजे त्यांची वारलेली थोरली बहीण. याचं सुनेला काही वाटत नाही. तिला वाटतं ते चोरीचं. आत्याबाई कनवटीची नोट कुठेतरी लपवतात, जागा विसरतात आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, की या बयेनं माझे पैसे चोरले, मला जेवायला देत नाही. एकदा ज्वारीच्या कोठीत हात घातला तर तळाशी नोटा, एक चांदीचं जोडवं आणि वाळून कडक झालेल्या चार भाकरी निघाल्या.

ऊन कलायला लागलं की दुसरा अंक. आत्याबाई लुगड्याचं गाठोडं बांधतात आणि माहेरी निघतात. आई वाट बघत असेल, म्हणतात. आई जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. पहिले काही महिने सून दार लावून घ्यायची, समजूत घालायची, 'आत्याबाई, तुमची आई कधीच गेली' असं सांगायची. ते ऐकून म्हातारी हंबरडा फोडायची, कारण तिच्यासाठी आई त्या क्षणी गेलेली असायची. रोज संध्याकाळी नव्यानं. मग एक दिवस वैतागून सुनेनं पायात चप्पल सरकवली, गाठोडं स्वतःच्या काखेला मारलं आणि म्हणाली, चला. दोघी वळणावरच्या पिंपळापर्यंत गेल्या. तिथं बसल्या. माहेरच्या विहिरीबद्दल बोलल्या. थोड्या वेळानं आत्याबाईच म्हणाल्या, अंधार पडला, घरी चल. तेव्हापासून हीच युक्ती.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण जगभरची पुस्तकं याहून वेगळं काही सांगत नाहीत: वाद घालू नका, त्यांच्या काळात जा, मन दुसरीकडे वळवा. फरक इतकाच, की तिला ते सापडायला महिने लागले आणि तेवढ्यात तिचं वजन उतरलं, बीपीची गोळी सुरू झाली, शिवणाची गिऱ्हाइकं तुटली. कुणी पहिल्याच महिन्यात येऊन सांगितलं असतं, तर? या 'कुणी'चाच सगळा मामला आहे.

शेजारपाजारच्यांचं म्हणणं मात्र ठरलेलं असतं. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ. आणि दबक्या आवाजात: सून नीट बघत नाही, म्हणून म्हातारी अशी झाली. हे आपल्याकडंच नाही. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शिया झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवल्यावर लोकांना ते लगेच ओळखीचं वाटलं, पण तो आजार आहे असं कुणी मानलं नाही. वय झालं की असं व्हायचंच, आणि व्हायचं ते मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली म्हणून, असं स्पष्टीकरण पुढे आलं. म्हणजे सेवा करणारीच आरोपी. आपली एकत्र कुटुंबव्यवस्था म्हाताऱ्यांना आपोआप सांभाळते, हा समजही त्या अभ्यासात टिकला नाही. तो समज आपल्याला फार प्रिय आहे, कारण त्यात कुणालाच काही खर्च येत नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. देशभर स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणारा 'लासी-डॅड' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे अंदाज २०२३ मध्ये आले. साठीच्या पुढच्या शंभरांमागे सात-साडेसात जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आणि शहरांत ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के. 'हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं' म्हणणाऱ्यांनी शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचावेत. खुलताबाद गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पंधरा हजारांच्या घरात होती. राज्यात तेव्हा दहा टक्के लोक साठीच्या पुढचे होते. ढोबळ हिशेब मांडला, तर एकट्या गावात शंभर-सव्वाशे घरांत हे दुखणं असणार. तालुका वेगळाच.

आता गोव्याकडं परत जाऊ, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

'संगत' ही संस्था गोव्यात १९९६ पासून आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. डिमेन्शियाची सौम्य किंवा मध्यम अवस्था असलेलं माणूस ज्या घरात आहे, अशी ८१ कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. ४१ घरांत मदत लगेच सुरू झाली. उरलेल्यांना आधी नुसती माहिती दिली आणि मदत सहा महिन्यांनी.

मदत म्हणजे काय, तर घरी येणारं माणूस. या सल्लागारासाठी अटी अगदी साध्या होत्या: बारावी पास, स्थानिक भाषा यावी, गावात काम केल्याचा अनुभव असला तर बरा, म्हाताऱ्या माणसांबद्दल आस्था असावी आणि माणसांशी नीट बोलता यावं. नर्सिंगची पदवी नको, मानसशास्त्रातली एमए नको. एका आठवड्याचं कसून प्रशिक्षण. ऐकून कसं घ्यायचं, घरात मृत्यू झाल्यावर काय बोलायचं, ताण कसा हलका करायचा, हे सगळं नाटुकल्या करून शिकवलं. असे दोन पूर्णवेळ सल्लागार, त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि सरकारी सेवेतला एक मानसोपचारतज्ज्ञ. बस्स, एवढीच फौज.

सल्लागार पंधरा दिवसांतून निदान एकदा घरी जायचे, सहा महिने. जाऊन करायचे काय? हा आजार आहे, कुणाचा दोष नाही, हे समजावून सांगायचं. चोरीचा आळ, रात्रीची भटकंती, आंघोळीला नकार यांवर त्या घरापुरते उपाय शोधायचे. आंघोळ घालताना, कपडे बदलताना कुठं अडतं ते बघायचं. फारच हाताबाहेर गेलं तर डॉक्टरकडं पाठवायचं. सरकारच्या कुठल्या योजना लागू होतात ते सांगायचं. आणि अशाच दुसऱ्या घरातल्या माणसाशी गाठ घालून द्यायची.

सहा महिन्यांनी मोजलं, तेव्हा ज्या घरांत सल्लागार जात होते, तिथल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलेलं होतं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला होता. रुग्णांचं वागणं आणि त्यांचं स्वतःचं स्वतः करण्याचं बळ यांत थोडा फरक दिसला, पण तो ठामपणे सांगावा इतका नव्हता. मला या प्रयोगातला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. म्हातारी बरी झाली नाही, सून सावरली. डिमेन्शियाच्या बाबतीत आजच्या घडीला मागावं असं हेच मागणं आहे. बरा करणारं औषध हातात नाही. जी औषधं आहेत ती काहींना काही काळ थोडा हात देतात.

उगाच गोव्याचं कौतुक नको म्हणून सांगतो, श्रीमंत देशांतही तज्ज्ञ मंडळी अखेर इथंच येऊन पोचली. लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटानं २६० सांभाळणाऱ्यांवर प्रयोग केला. आठ भेटी, आणि घेणारे मानसशास्त्राचे नुकतेच पदवीधर झालेले तरुण. त्यातही सांभाळणाऱ्यांचं नैराश्य आणि चिंता कमी झाली. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटेलमन यांनी नवऱ्याला किंवा बायकोला सांभाळणाऱ्या ४०६ जणांना वर्षानुवर्षं समुपदेशन आणि गटाचा आधार पुरवला. ज्यांना तो मिळाला त्यांचं माणूस नर्सिंग होममध्ये जायला सरासरी दीड वर्ष उशीर झाला. हिशेबनीसांना एवढं पुरे व्हावं. आपल्याकडं अर्थात नर्सिंग होममध्ये टाकायचा प्रश्नच येत नाही. ते परवडतही नाही आणि खुलताबादेत नाहीही. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनचं काम आहे, नालासोपाऱ्याकडे राजोडीत सिल्व्हर इनिंग्जचं 'स्नेहांजली' आहे. चांगली कामं आहेत. पण घाटाच्या या बाजूच्या सुनेला त्यांचा उपयोग वर्तमानपत्रात वाचण्यापुरता.

मग इथं आहे तरी काय? खुलताबादेत ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या तपासणीला संभाजीनगरची घाटी, म्हणजे १९५६ सालचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. निदानासाठी एकदा घाटी गाठायलाच हवी, कारण विसरायला लागलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला डिमेन्शियाच असतो असं नाही. बी-१२ कमी, थायरॉइड बिघडलेलं, नैराश्य, पडून डोक्यात साकळलेलं रक्त, अशा दुरुस्त होणाऱ्या गोष्टीही तसंच सोंग घेतात. पण ज्या माणसाला रोजच्या खोलीतही सुधरत नाही, त्याला एसटीत बसवून, केसपेपरच्या रांगेत उभं करून, तीन खिडक्या फिरवून आणायचं म्हणजे सुनेचा अख्खा दिवस जातो आणि पुढचे चार दिवस म्हातारीचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून पहिल्यांदा नेलेलं माणूस दुसऱ्यांदा नेलं जात नाही. फार तर मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी आणली जाते. याच्यावर मला जरा रागानं बोलायचं आहे. आरडाओरड करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गप्प करायला जी मानसिक आजाराची औषधं सर्रास वापरली जातात, त्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. ती कधीच देऊ नयेत असं नाही. कधीकधी इलाज नसतो. पण ती डॉक्टरच्या नजरेखाली, थोडी, थोड्या दिवसांसाठी. एखादं माणूस दोन दिवसांत एकाएकी बिघडलं, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडलं का, हे बघायचं असतं. हे सांगायला एमडी लागत नाही. पंधरा दिवसांनी येणारी बाई सांगू शकते.

चाचणीचीही एक गंमत आहे. आज तारीख काय, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईला विचारले तर ती पहिल्याच फटक्यात नापास. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत चाचणी बेतली, ती याच कारणानं. आत्याबाईंना इंग्रजी तारीख आयुष्यात कधी लागली नाही. त्यांना विचारायचं असेल तर मृग निघाला का, पोळा किती दिवसांवर आला, हे विचारावं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या खालाजानला उरूस होऊन गेला की यायचाय, हे विचारावं, आणि तेही दखनीत.

फोनवरची मदत आहे. २०२२ पासून टेलिमानस, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही क्रमांक कपाटाच्या दारावर लिहून ठेवावेत असेच. मी ज्या सुनेबद्दल लिहिलं, तिला दोन्ही माहीत नव्हते.

पैशाचं काय? २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कवच मिळालं. छानच. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. डिमेन्शियाचा बहुतेक संसार घरात चालतो. डायपर, रबरी चादर, रात्रीच्या जागरणानं बुडालेली रोजी, यांना कवच नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, ज्यांना येतात त्यांना. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार, तेही एकदाच. हे सगळं वृद्धाच्या नावावर. सांभाळणारीच्या नावानं दमडी नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मात्र डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी लाखापर्यंत वजावट आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या सुनेनं तिचं लोणचं घालावं की काय!

केरळनं निदान वाट पाडली आहे. 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला सहाशे रुपये ठरवले. रक्कम हास्यास्पद आहे आणि तरीही मोठी आहे, कारण ती त्या बाईच्या खात्यात, तिच्या कामापोटी येते. आपल्या देशातली अल्झायमरची मोठी संघटना, 'आर्डसी', १९९२ मध्ये केरळातच उभी राहिली, आणि गावोगाव स्वयंसेवकांनी घरी जाऊन शुश्रूषा करण्याची रीतही तिथं मुरलेली होती. सरकारला आयती जमीन मिळाली. आपल्याकडं भजनी मंडळं आहेत, गणेश मंडळं आहेत, बचतगट तर गल्लोगल्ली आहेत. जमीन नाही असं कुणी म्हणू नये.

कागदांचा जाच मात्र वेगळा, आणि त्याच्याविषयी लोक वेळेत बोलत नाहीत. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, बँकेत अंगठा किंवा सही आजोबांची. आजोबा मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. आपल्या करार कायद्याप्रमाणं, ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की ते संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. गतिमंद, स्वमग्न अशा व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हा पातळीवर पालक नेमण्याची सोय आहे; डिमेन्शिया त्या यादीत नाही. मग कोर्ट. म्हणून निदान झाल्या झाल्या, आजोबांना सगळं कळतंय तोवर, मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, वारसनोंद हे उरकून घ्यावं. हे घरात बोलायला जड जातं, वाईट दिसतं; भाऊबंदांना वास लागतो. बाहेरून येणाऱ्या बाईनं विषय काढला तर सोपं जातं, हा गोव्याच्या प्रयोगात नसलेला पण माझ्या मते मोठा फायदा.

भटकणं हा खुलताबादचा खास धोका आहे. शनिवारी भद्रा मारुतीच्या गर्दीत, उरुसाच्या दिवसांत, श्रावणातल्या रात्री पायी येणाऱ्यांच्या लोंढ्यात एक म्हातारं माणूस मिसळून गेलं, की कुणाला काही वेगळं दिसत नाही. भाविकच समजणार. जुन्या बायकांच्या हातावर जत्रेत गोंदवलेलं नाव तरी असतं. त्यावर मोबाइल नंबर नसतो. लुगड्याच्या काठाला, सदऱ्याच्या आतल्या शिवणीत नंबर लिहिलेली पट्टी शिवून टाकावी. आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या सूनबाईनं ते पाच मिनिटांत केलं. कडी नेहमीच्या उंचीवर न ठेवता दाराच्या अगदी वर लावायची. तिथं हात जायची सवय नसते.

पण पट्टी वाचणारंही कुणी हवं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री भर बाजारात हत्तीच्या मागं निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या माहुताच्या बायकोला डिमेन्शिया हा शब्द माहीत नसतो. समोरच्याला काय लागतंय ते कळतं. हे कळणं सगळ्यांना उपजत नसतं, म्हणून जपाननं २००५ पासून साध्या माणसांसाठी दीड तासाचा वर्ग सुरू केला. दुकानदार, बँकेतले कारकून, शाळेची पोरं. वर्ग केला की मनगटावर केशरी कडं मिळायचं. कोटीहून जास्त लोकांनी तो केला आहे. ओमुता नावाच्या शहरात तर दरवर्षी 'हरवलेला म्हातारा शोधा' अशी गावभर तालीम होते. खुलताबादेत हे कुणाकुणाला शिकवायचं ते सांगायला तज्ज्ञ नको: एसटी स्टँडवरचे कंडक्टर आणि काळीपिवळीवाले, भद्रा मारुतीच्या आवारातले नारळ-फुलवाले, दर्ग्यांचे खादिम, पोलीस ठाण्यातला रात्रपाळीचा अंमलदार. दीड तास. चहासह दोन.

मंदिर आणि दर्गा यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. पुरोगामी मंडळींना म्हातारीला दर्ग्यात नेऊन धागा बांधला, मारुतीला शनिवार धरला, याचा राग येतो. मला येत नाही, उपचार थांबवला नाही तर. नेहमीची वाट, नेहमीचा ऊद-धूप, तोंडपाठ स्तोत्र, वर्षानुवर्षं म्हटलेला दरूद: स्मृतीची पडझड होताना हे सगळ्यात शेवटपर्यंत तग धरतं. आत्याबाईंना मुलाचं नाव चटकन येत नाही, पण हरिपाठ सुरू केला की ओठ हलतात. त्या अर्ध्या तासात सुनेचं शिवण होतं.

आता कुणी म्हणेल, आशाताई आहेतच की, त्यांच्यावर हे सोपवा. मी याच्या विरोधात आहे. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत, गरोदर बायकांपासून टीबीपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यावर, आणि मोबदल्यासाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं. आणखी एक काम म्हणजे आणखी एक न भरलेला रकाना. त्यांनी फक्त शोधून द्यावं. पुढचं दुसऱ्यानं बघावं.

तर हिशेब मांडून बघू. खुलताबाद गावातली शंभर घरं धरली. पंधरा दिवसांतून एक भेट, म्हणजे आठवड्याला पन्नास भेटी. सहा दिवस काम केलं तर दिवसाला आठ-नऊ. एका घरी तास-पाऊण तास तरी बसायला हवं; चहा नाकारता येत नाही. म्हणजे दोन बायका लागतील, रोज चार-पाच घरं. बारावी झालेल्या, सायकल किंवा स्कूटी येणाऱ्या. आठवड्याचं प्रशिक्षण घाटीच्या मानसोपचार विभागात होऊ शकतं. महिन्यातून एकदा तिथल्या डॉक्टरनं ग्रामीण रुग्णालयात यावं, अडलेली दहा-बारा माणसं बघावीत, बाकीच्यांचं फोनवर. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार नगरपरिषदेच्या एखाद्या सभागृहात सांभाळणाऱ्यांची बैठक. म्हाताऱ्या माणसांना त्या वेळापुरतं शेजारच्या खोलीत कुणीतरी बसवून ठेवायचं, नाहीतर सुना येणारच नाहीत. दोन पगार, पेट्रोल, चहा, प्रवासभत्ता. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावर होतो त्याहून हा खर्च फार मोठा नसावा.

हे कुठल्या लेखाशीर्षाखाली बसवायचं, हा प्रश्न येईल, मला ठाऊक आहे. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. दोघांत घरभेटीची कल्पना बसते आणि दोघेही एकमेकांकडं बोट दाखवू शकतात. डिमेन्शियासाठी वेगळं राष्ट्रीय धोरण देशाकडं अजून नाही. ते येईपर्यंत थांबायचं कारण नाही. आमदार निधी आहे, कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा वाळूजमध्येच आहे, आणि तिथं शिफ्ट करणाऱ्या कित्येकांच्या आया याच तालुक्यात आहेत.

नेमणूक करताना माझी एकच सूचना: दोघींपैकी एकीला दखनी अस्खलित यावी, आणि दोघींनीही पहिल्या भेटीत म्हातारीच्या आधी सुनेचं बीपी मोजावं.